डब्यातले सहा जुने गेम

पत्र: ताई, मी डिचोलीचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर बोर्ड वापरून जुने गेम चालवणारा एक डबा बनवलाय. दोन जॉयस्टिक, एक वायर, टीव्हीला लावली की खेळ सुरू. आत सहा गेम आहेत: डूम, क्वेक, ड्यूक नुकेम, ट्रान्सपोर्ट टायकून, व्हाइस सिटी आणि प्रिन्स ऑफ पर्शिया. प्रिन्स बाबांसाठी घातला, ते म्हापशाच्या कॉम्प्युटर क्लासात तो खेळायचे. सगळी इंजिनं (गेम चालवणारे प्रोग्राम) ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा सोर्स, प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड, सगळ्यांसाठी खुला आहे. थोडा कोड मी बदललाय. मेनू मराठीत केलाय, 'क्विट'च्या जागी 'घरी चला' लिहिलंय. प्रिन्समधला मजकूरही मराठीत आणलाय. हणजूणच्या एका कॅफेवाल्याला दहा डबे हवेत, एकाचे साडेचार हजार. वीस हजार ॲडव्हान्सही दिलाय त्याने. मित्र म्हणतो, "कांयच जावचें ना, सोर्स ओपन आसा." आईला मात्र धास्ती वाटते. गेम वीस-तीस वर्षांचे, कंपन्या बंद पडलेल्या, मग अडचण काय? आणि मी बदललेला कोड कॅफेवाल्याला द्यावा लागेल का?

उत्तर:

आईला सांग, तिचं बरोबर आहे. मित्राला काही सांगायला जाऊ नकोस. दहातला एकही डबा त्याच्या नावावर विकला जाणार नाही, म्हणून त्याला धीर द्यायला परवडतं.

आधी गेम बाजूला ठेवू. तुमच्या गावातही देवळाच्या उत्सवाला नाटक होत असेल. मंच देवळाचा असतो, त्याचे पैसे कोणी मागत नाही. पडदे, दिवे भाड्याने येतात. तालमी सुरू व्हायच्या आधी मंडळातला कोणीतरी जाणता माणूस लेखकाला पत्र लिहितो, परवानगी घेतो, मानधन पाठवतो, कारण छापील नाटकाच्या पहिल्या पानांवरच तसं बजावलेलं असतं. मंच गावाचा आहे म्हणून संहिताही गावाची, असं म्हणणारं नाट्यमंडळ मला अजून भेटायचंय. (परवानगी न घेता झालेले प्रयोग भरपूर ऐकलेत, ते सोड.)

गेमचेही असेच दोन भाग असतात. इंजिन हा मंच: चित्र पडद्यावर कसं उमटवायचं, बटण दाबल्यावर पात्र कसं हलवायचं, आवाज कधी वाजवायचा हे ठरवणारा प्रोग्राम. डेटा म्हणजे संहिता, नेपथ्य, वेशभूषा, संगीत सगळं. राक्षसांची चित्रं, नकाशे, संवाद, गाणी त्यात आली. तू ज्या जीपीएल परवान्यावर (कोड वापरा, बदला, विका, पण पुढे देताना सोर्सही द्या, असं सांगणारा ओपन सोर्सचा परवाना) विसंबलायस तो मंचाचा आहे. संहितेबद्दल त्यात एक ओळही नाही.

डूमचंच बघ. गेम आला डिसेंबर १९९३ मध्ये. चार वर्षांनी, डिसेंबर १९९७ मध्ये, तो बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअर कंपनीच्या जॉन कारमॅकने सोर्स कोड बाहेर दिला, पण तेव्हाच्या अटींत व्यापारी वापराला मनाई होती. जीपीएल लागू झालं १९९९ मध्ये. यातली मला आवडणारी गोष्ट अशी की लोक जो गेम डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर खेळले त्याचा कोड त्यांनी दिलाच नाही, लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमवरच्या आवृत्तीचा दिला. डॉसच्या आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, बाहेरून घेतलेली होती, ती वाटायचा अधिकार त्यांना नव्हता. मालकानेसुद्धा स्वतःचं होतं तेवढंच वाटलं. चित्रं, नकाशे आणि संगीत ज्या फाइलीत असतं ती वॅड फाइल या वाटपात नव्हतीच. पहिल्या भागाची शेअरवेअर, म्हणजे नमुना म्हणून फुकट वाटलेली, वॅड तेव्हा हातोहात फिरायची. पण फिरवायला मुभा देणं वेगळं आणि विकायला मोकळं करणं वेगळं. पूर्ण गेमची वॅड आजही विकतच घ्यावी लागते. तुझ्या डब्यात ती कुठून आली, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. मीही विचारत नाही.

क्वेकची कथा तीच, कोड १९९९ च्या डिसेंबरात जीपीएलखाली आला. त्याचं संगीत तर नाइन इंच नेल्स या बँडचं, म्हणजे संहितेतही आणखी वाटेकरी.

आता "कंपन्या बंद पडलेल्या" या तुझ्या वाक्याकडे येते. पत्रातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य तेच आहे. इड २००९ मध्ये झेनिमॅक्सने घेतली आणि झेनिमॅक्स २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने. डूम आणि क्वेकचा मालक आज मायक्रोसॉफ्ट आहे, आणि ते दुकान बंद पडल्याचं माझ्या कानावर नाही. कंपनी खरोखर बुडाली तरी हक्क बुडत नाहीत, कोणाच्या तरी पदरात जाऊन पडतात. तुमच्या वाड्यावर एखादं घर असेलच: कौलं ढासळलेली, अंगणात रान माजलेलं, मालक पोर्तुगालात की मुंबईत हे शेजाऱ्यालाही धड ठाऊक नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीत, मात्र नावं असतात. आत जाऊन तू कॅफे थाटलास की तीच माणसं पुढच्या विमानाने येतात.

आणि कधीकधी वारसांनाच आपला हिस्सा माहीत नसतो. 'नो वन लिव्ज फॉरएव्हर' हा २००० सालचा गेम. जुने गेम रीतसर हक्क घेऊन पुन्हा बाजारात आणणारी नाइटडाइव्ह नावाची कंपनी तो आणायला निघाली. वॉर्नर, ॲक्टिव्हिजन आणि फॉक्स यांच्यापैकी कोणाकडे किती हक्क आहेत, हे कोणी नीट सांगेना, आणि तरी "घ्या, करा" असंही कोणी म्हणेना. वीस वारसांच्या घरासारखं ते अडकून पडलं.

मुदतीचं बोलायचं तर भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि साहित्यकृतीची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आपण तुझ्या सोयीने मोजू, चित्रपटासारखं प्रकाशनापासून ६० वर्षं धरू. तरी १९९३ चा गेम २०५४ उजाडल्याशिवाय मोकळा होत नाही. परदेशी कृतींनाही आपल्याकडे हे संरक्षण आहे, तेव्हा "अमेरिकेचा गेम, गोव्यात कोण विचारतो" ही पळवाट नाही. धंद्यासाठी जाणूनबुजून भंग केला तर कलम ६३ खाली किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, असं कायदा म्हणतो. दहा डब्यांवर कोणी तुला तुरुंगात धाडेल असं मला वाटत नाही. पण साडेचार हजारांच्या डब्यामागे तुला सुटणार किती, आणि दंड सुरू होतो कुठून, हे दोन आकडे एका कागदावर शेजारी लिहून बघ.

कायद्यात एक दार आहे, तेही सांगते. कलम ३१अ: मालक सापडतच नसेल तर कृती प्रसिद्ध करायला किंवा तिचं भाषांतर करायला परवाना मागता येतो. आधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची, भाषांतर असेल तर त्या भाषेच्या दैनिकातही, मग अर्ज. मराठी आवृत्तीच्या तुझ्या हौसेसाठी हे दार ऐकायला छान आहे. तुझ्या सहा गेमपैकी एकाचाही मालक हरवलेला नाही, त्यामुळे ते तुला उघडणार नाही.

ड्यूक नुकेमपाशी थांबायला हवं, कारण तिथे तू मंचाच्या बाबतीतच चुकलायस. ड्यूक नुकेम ३डीचा स्वतःचा कोड २००३ मध्ये जीपीएलखाली आला हे खरं. पण तो ज्या बिल्ड इंजिनवर उभा आहे ते केन सिल्वरमनचं, आणि त्याच्या परवान्यात व्यापारी वापराला मनाई आहे. कोड डोळ्यांना दिसतो, उतरवून घेता येतो, बदलता येतो. विकता येत नाही. तू प्रत्येक इंजिनाबरोबरची परवान्याची फाइल उघडून वाचलीस का? सगळी वाचायची नसेल तर निदान विकण्याबद्दल आणि वाटण्याबद्दल काय लिहिलंय तेवढं शोध. माझी नोकरीतली अर्धी वर्षं इतरांनी न वाचलेल्या या फाइली वाचण्यात गेली.

आणि व्हाइस सिटी. २००२ चा हा गेम तुझ्या पिढीने सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून खेळलाय, त्याचा मोह मला कळतो. पण त्याचं जे इंजिन तू घेतलंस ते मालकाने दिलेलं नाही, कोणी कोऱ्या कागदापासून लिहिलेलंही नाही. विकत मिळणारा तयार प्रोग्राम उलगडून, ओळीमागून ओळ पुन्हा कोडमध्ये आणून ते बनवलंय. करणाऱ्यांनी डेटा वाटला नव्हता, मूळ गेम स्वतः विकत घ्या असंच ते सांगत होते. तरी फेब्रुवारी २०२१ मध्ये गेमच्या मालकाने, टेक-टू कंपनीने, नोटीस देऊन तो कोड उतरवायला लावला, आणि सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा लावला. आपल्या कायद्यात कलम ५२ खाली थोडी मोकळीक आहे. रीतसर घेतलेल्या प्रोग्रामचा अभ्यास करता येतो, आपला स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळावा म्हणून लागणारी माहिती काढता येते. पण माहिती काढणं म्हणजे अख्खा प्रोग्राम पुन्हा उतरवून डब्यात विकणं नव्हे. व्हाइस सिटी आजच काढ. बाकीच्यांचा विचार उद्या केलास तरी चालेल.

उलगडणं सगळीकडे सारखंच संपतं असंही नाही. ट्रान्सपोर्ट टायकूनचं तू वापरलेलं इंजिन, ओपनटीटीडी, त्याची सुरुवातही २००४ मध्ये लुडविग स्ट्रिगेयस या प्रोग्रामरने मूळ गेम उलगडूनच केली. पुढे त्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून चित्रं, आवाज, संगीत सगळं स्वतःचं केलं, आणि २०१० च्या १.० आवृत्तीपासून मूळ गेमची एकही फाइल न लावता तो खेळता येतो. म्हणजे मंचही त्यांचा, संहिताही त्यांची. तुझ्या डब्यात मात्र १९९५ ची मूळ चित्रं आहेत, असा माझा अंदाज. ती काढ, ओपनजीएफएक्स हा त्यांचा मोकळा चित्रसंच घाल.

प्रिन्सबद्दल लिहायला मला जड जातंय, कारण बाबांचा गेम. मीही तो काळ्या-हिरव्या पडद्याच्या मॉनिटरवर खेळलेय, टोकदार सळ्यांवर किती वेळा पडले ते विचारू नकोस. त्याचा कर्ता जॉर्डन मेकनर. ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरसाठीच्या १९८९ च्या आवृत्तीचा कोड हरवला असं तो समजत होता, आणि २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात फ्लॉपींचं खोकं सापडलं. त्याने कोड सगळ्यांसमोर ठेवला, शिका, चालवून बघा म्हणाला, पण त्याच दमात हेही लिहिलं की यातून प्रिन्स ऑफ पर्शियावरचे कुठलेही हक्क मी देत नाही, ती मालिका युबिसॉफ्ट कंपनीची आहे. स्वतः लिहिणाराच असं म्हणतोय, तिथे तू आणि मी काय बोलणार? मजकुराच्या मराठीचंही तेच. भाषांतराचा हक्क मूळ कृतीच्या मालकाचा असतो. मेहनत तुझी आहे, पण ती विकायची परवानगी तुझ्या हातात नाही. बाबांनी मूळ गेम रीतसर घेतलेला असेल तर त्यांच्या घरातल्या एका डब्यात तो राहू दे. कॅफेच्या दहांत नको.

आता तुझा शेवटचा प्रश्न, आणि याचं उत्तर तुला आवडेल असं मला वाटतं. जीपीएलचं इंजिन विकायला पूर्ण मुभा आहे. साडेचार हजार घे, दहा हजार घे. बदललेला कोड जगजाहीर करायचीही सक्ती नाही. पण ज्याच्या हातात तू डबा देतोस, त्याला त्या डब्यातल्या इंजिनाचा सोर्स मिळायलाच हवा, तुझ्या बदलांसकट, आणि ज्यातून तो डबा नेमका तयार झाला तोच सोर्स, कोडपासून प्रोग्राम बांधणाऱ्या स्क्रिप्टसह. मूळ लेखकांची कॉपीराइटची ओळ पुसायची नाही, परवान्याची प्रत सोबत द्यायची, आणि "पुढे कोणाला देऊ नका" अशी अट कॅफेवाल्यावर घालायची नाही. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत किमान तीन वर्षं टिकणारं लेखी आश्वासन देण्याचाही पर्याय आहे, की मागाल तेव्हा सोर्स देईन. तू त्या वाटेला जाऊ नकोस. तीन वर्षांनी तू बेंगळुरूत असशील आणि तो लॅपटॉप भंगारात. एसडी कार्डावर 'सोर्स' नावाचा फोल्डर कर आणि सगळं त्यात टाक. हो, डब्यातला लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तोही जीपीएलचाच आहे, त्याचा सोर्स विसरू नकोस. लोक गेमचा ठेवतात आणि कर्नलचा विसरतात.

हे नुसतं कागदावरचं नाही. म्युनिकच्या कोर्टाने २००४ मध्येच जीपीएलच्या अटी बंधनकारक धरल्या. आणि तुझ्याच क्षेत्रातला किस्सा आहे: जुने साहसी गेम चालवणारं स्कमव्हीएम नावाचं इंजिन आहे. मुलांचे काही गेम निन्टेंडो कंपनीच्या वी या गेम खेळायच्या यंत्रासाठी बाजारात आले तेव्हा आत स्कमव्हीएम निघालं, श्रेय नाही, सोर्स नाही. त्यात निन्टेंडोची साधनं वापरण्याच्या अटी ओपन सोर्सशी जुळणाऱ्या नव्हत्या, म्हणजे सोर्स द्यायची वाटही बंद. शेवटी तडजोड करावी लागली. गंमत बघ, त्या लोकांकडे गेमचे हक्क रीतसर होते. त्यांनी संहितेचं मानधन भरलं आणि मंचवाल्याला विसरले. तुझं बरोबर उलटं झालंय.

मी हसते, पण माझ्याही हातून हे घडलंय. एका कंपनीत असताना परदेशी गिऱ्हाइकाला यंत्रं पाठवायच्या आदल्या आठवड्यात आत जीपीएलची लायब्ररी सापडली. सोर्स कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं. आतल्या सॉफ्टवेअरची यादी तपासायचं काम माझं होतं आणि मी ती न उघडता सही केली होती. गणपतीच्या सुट्टीत आम्ही सहा जण ऑफिसात होतो. घरचे मोदक डब्यातून आले, एवढंच.

एक बारीक गोष्ट, जी मराठीत काम करणारा प्रत्येकजण विसरतो. मेनूसाठी फाँट कुठला वापरलास? पेनड्राइव्हवरून वर्षानुवर्षं फिरणारा कुठलातरी डीटीपीचा फाँट असेल तर तोही कोणाचा तरी आहे. 'मुक्त' नावाचा फाँट किंवा 'नोटो सान्स देवनागरी' घे. दोन्ही ओपन फाँट लायसन्सखाली आहेत, प्रोग्रामसोबत विकता येतात, फक्त नुसता फाँट वेगळा विकायचा नाही.

मग कॅफेला काय द्यायचं? "मालकाने गेम विकत घ्यावेत, मी फक्त डबा देतो" असं तुझ्या मनात येईल. घरगुती गिऱ्हाइकासाठी ते योग्य आहे: रिकामं इंजिन दे, तो आपल्या विकत घेतलेल्या फाइली घालील. कॅफेत ते चालत नाही. जीओजी किंवा स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर घेतलेली प्रत घरी खेळण्यासाठी असते, गिऱ्हाइकांपुढे मांडण्यासाठी नाही. म्हणून कॅफेच्या डब्यात फक्त मोकळा माल. डूमच्या इंजिनावर फ्रीडूम घाल: चित्रं, नकाशे, संगीत सगळं लोकांनी नव्याने केलेलं, परवाना इतका सैल की फक्त कॉपीराइटची सूचना जपायची. ओपनटीटीडी आहेच. स्कमव्हीएमवर 'बिनीथ अ स्टील स्काय' टाक, १९९४ चा सुंदर गेम. करणाऱ्यांनी तो २००३ मध्ये फुकट केला. त्याच्या अटीत गेमची वेगळी किंमत लावायला बंदी आहे, मोठ्या संचाचा भाग म्हणून द्यायला नाही. तेव्हा तुझ्या बिलात "डबा आणि जोडणी" असं लिही, गेमची नावं किमतीपुढे नकोत. आणि डब्याच्या झाकणावर डूमचा लोगो छापला असशील तर खरवडून काढ. नावं आणि लोगो हे ट्रेडमार्कचं प्रकरण, ते दर दहा वर्षांनी नवं करत कितीही वर्षं जिवंत ठेवता येतं. तिथे २०५४ ची वाट बघूनही उपयोग नाही.

कॅफेवाल्याला हे डबे पोचवायच्या आधी सांग, नंतर नाही. हणजूणला येणारा पाहुणा व्हाइस सिटीसाठीच येत होता असं तो म्हणाला तर वीस हजार परत दे. खर्च झाले असतील तर आईकडून घे, तिला तेवढं बोलायचा हक्क आहे. शंभर डब्यांची मागणी आली तर मात्र पणजीत एखाद्या वकिलासमोर तासभर बस, माझ्या पत्रावर जाऊ नकोस.

मेनूचं मराठीकरण इंजिनाचा भाग आहे, म्हणून तेही जीपीएलखालीच जाईल. मूळ प्रकल्पाकडे पाठवून दे, ते घेतील बहुतेक. आणि 'घरी चला' बदलू नकोस.